सांगावा

कार्डाचा एक कोपरा फाडलेला दिसला की पोस्टमनही काही बोलत नसे. ते पत्र घरात न्यायचे नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचायचे, तिथेच फाडून टाकायचे आणि मग जेवढे जवळचे नाते तशी आंघोळ करायची, सुतक धरायचे. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ नाही, मायना नाही, थोरांना नमस्कार नाही की लहानांना आशीर्वाद नाही. अमक्या दिवशी अमके वारले, दहावा अमक्या दिवशी, एवढाच मजकूर. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही तो फाटका कोपरा वाचता यायचा. पत्र हातात पडताच बाईमाणसांचा हंबरडा फुटे, आणि कोण गेले हे वाचून दाखवणारा माणूस शोधायला नंतर कुणीतरी धावे.

हा सांगावा पोचला की दहा दिशांना पांगलेले घर एका नदीकाठी जमायचे. एकमेकांची तोंडे वर्षानुवर्षे न पाहिलेले चुलतभाऊ, बांधावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ, सासरी गेलेल्या आत्या, मामाकडची माणसे, सगळी एका मृत माणसाच्या नावाने एकत्र येत. मराठवाड्याच्या खेड्यात भावकी ओळखायची ती अशाच दिवसांत. म्हणून मृत्यूची वार्ता कशी पोचली, कोण आले, किती दिवसांचे सुतक कुणी धरले आणि पुढे मेलेल्याचे नाव कुठे लिहून राहिले, हा हिंगोली जिल्ह्यातल्या कुटुंबांचा एक मोठा आणि फारसा न लिहिलेला इतिहास आहे.

हिंगोली जिल्हा म्हणून नवा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. पण मुलूख जुना आणि सरहद्दीचा. उत्तरेकडून पैनगंगा वाहते. निजामाच्या काळात तिच्या अलीकडे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे वऱ्हाड होता. वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती गेला. अलीकडे उर्दूतला दफ्तर-कारभार आणि फसली सन, पलीकडे इंग्रजी अंमलाची कचेरी आणि इसवी सन. अलीकडे निजामाचे स्वतःचे टपाल. १८६९ पासून त्याची तिकिटेही वेगळी निघत, आणि हे टपाल भारतीय टपालखात्यात मिसळले ते १९५० मध्ये.

सोयरिकींना मात्र ही सरहद्द कधी अडली नाही. सेनगावकडच्या लेकी वाशीम-रिसोडला दिलेल्या, कळमनुरीकडच्या उमरखेड-पुसदला. मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्या. पावसाळ्यात पैनगंगा दोन्ही थड्या भरून वाहू लागली की अलीकडच्या माणसाची माती पलीकडच्या बहिणीला दिसत नसे. पूर ओसरल्यावर ती येई आणि राख सावडून झालेल्या जागेवर डोके टेकून जाई.

टपाल खेड्यापर्यंत पोचण्याआधी सांगावा माणसाच्या पायांनी जात असे. ते पाय कुणाचे होते, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होत नाही. गावगाड्यात हे काम महारांवर लादलेले होते. पाटील-कुणब्याच्या घरात मयत झाली की गावच्या येसकर महाराला बोलावणे जाई. डोंगरातून, भर उन्हात, रात्री-अपरात्री, चिखल तुडवत त्याने चार गावांच्या सोयऱ्यांना वार्ता द्यायची. सरणाची लाकडे फोडायची तीही त्याच्याच बांधवांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवर लादलेल्या कामांची जी नोंद केली, तिच्यात हे काम स्पष्ट आहे: सवर्णांच्या घरचे लग्न असो वा मृत्यू, परगावच्या नातलगांना ते कळवायचे, गाव कितीही लांब असले तरी. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, म्हणजे १९७८ साली आलेल्या आत्मकथनात, महाराच्या वाट्याच्या कामांत मयताची खबर पोचवणे आहेच. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते अशाच बिनमोल राबणुकीला आळा घालण्यासाठी.

एका घराची भावकी एकत्र राहिली ती दुसऱ्या घराच्या सक्तीच्या पायपिटीवर. सांगावा आणणाऱ्याला ओसरीच्या खाली उभे राहूनच तो सांगावा लागे. ज्याच्या तोंडून बापाच्या मरणाची बातमी ऐकली, त्याला पाणी वरून ओतून दिले जाई. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या वस्त्यांनी ही कामे सोडायला सुरुवात केली. त्यासाठी अनेकांनी बहिष्कार सोसले. आपल्या मृतांना निरोप देण्याची रीतही त्यांनी स्वतः घडवली. बौद्ध घरांत आज जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, गेलेल्या माणसाबद्दल नातलग उभे राहून चार शब्द बोलतात. त्या शब्दांतून आजोबांनी कोणते काम कधी सोडले, कोण पहिल्यांदा शाळेत गेले, हा घराचा इतिहास पुढच्या पिढीच्या कानावर पडतो.

याच मातीतल्या एका माणसाची कथा इथे आठवावी लागते. हिंगोलीच्या पश्चिमेला कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून वारकरी परंपरा ते मानते आणि आता सगळे नर्सी नामदेव असेच म्हणतात. नामदेवांचा जन्म १२७० चा. ज्ञानेश्वरांच्या समाधीचा प्रसंग त्यांनी अभंगांतून लिहिला. गेलेल्या सोबत्याला शब्दांत जपून ठेवणारे मराठीतले ते फार मोठे आद्य लेखन आहे. पण परंपरेने सांगितलेली दुसरी गोष्ट आणखी आत लागते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली राबणारे मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. ही वार्ता कळल्यावर नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या हाडांत चोखोबांची हाडे कोणती, हे कसे ओळखायचे? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी वेचली, अशी श्रद्धा आहे. ती पंढरपूरला आणून महाद्वारापुढे समाधी केली. महाद्वारात नामदेवांची पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी, असे ते दोघे आजही समोरासमोर आहेत.

गावाच्या रिवाजाने इतरांच्या मरणाचे सांगावे वाहायचे ते चोखोबांच्या महार जातीने. आणि त्यांच्या मरणाचा सांगावा ऐकून, राख सावडायला जसा सख्खा भाऊ जातो तसा, नामदेव शिंपी निघाला. भावकी रक्ताने ठरते, सुतक रक्ताने मोजतात, हे मानणाऱ्या समाजाने ही कथा सातशे वर्षे कीर्तनातून ऐकली आहे. नर्सीत आज मंदिराबरोबर गुरुद्वाराही आहे, कारण नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत आणि पंजाबातले घुमान हे त्यांच्या उत्तरायुष्याचे गाव मानतात. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले, तेव्हा मराठी माणसे हजारोंच्या संख्येने तिकडे गेली. दूरच्या घरी राहिलेल्या थोरल्या माणसाचे घर पाहायला जावे, तशी ती गेली होती.

सांगावा पोचला की पुढचे काम नदीकाठचे. तिसऱ्या दिवशी राख सावडायची. अस्थी गंगेत सोडायच्या. मराठवाड्यात गंगा म्हणजे गोदावरी; हिंगोलीकडची माणसे नांदेडला किंवा परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला जातात. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, तिथल्या घाटावर दशक्रियेसाठी लांबून लोक येतात. ज्यांना जमत नाही त्यांना गावची नदी असतेच. कयाधू, पूर्णा किंवा पैनगंगा, पाणी वाहते असले म्हणजे झाले.

दहाव्याचा तो एक तास जवळून पाहण्यासारखा असतो. भाताचे पिंड पानावर मांडलेले. वर कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या फांदीवर कावळे बसलेले. थोरल्या मुलाचे डोके नुकतेच भादरलेले, अंगावर ओला पंचा. बाकीची भावकी दहा पावले मागे सरून उभी. कावळा लगेच शिवला तर लोक सुस्कारा टाकतात आणि हातपाय धुऊन मोकळे होतात. नाही शिवला तर शांतता वाढत जाते. मग कुणीतरी म्हातारा पुढे होतो, पिंडाकडे पाहत हात जोडतो आणि मेलेल्याशी बोलू लागतो. धाकटीच्या लग्नाची काळजी करू नको, ते आमच्याकडे लागलं. थोड्या वेळाने दुसरा पुढे येतो: विहिरीच्या पाळीचं भांडण आम्ही वाढवणार नाही. तिसरा म्हणतो, तुझ्या म्हातारीला अंतर देणार नाही. ही बोलणी सगळ्या भावकीसमोर, दिवसाउजेडी, नदीच्या साक्षीने होतात. शेवटी कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. पण दिलेला शब्द दिलेला राहतो, आणि पुढे कुणी तो मोडला तर गावात ‘दहाव्याला काय बोलला होता’ असे विचारणारे पन्नास जण असतात.

घरात तोवर चूल पेटलेली नसते. भावकीतून, शेजारून पिठले-भाकरी येते. त्या भाकरीतूनही नाते मोजले जाते. कोणाच्या घरून आली, कोणाच्या आली नाही, हे बायका विसरत नाहीत.

सुतक ही तर वंशावळीची तोंडी वहीच. धर्मशास्त्राने सात पिढ्यांपर्यंतचे नातलग सपिंड मानले. त्यांना दहा दिवसांचे सुतक. त्यापुढच्या सात पिढ्यांना तीन दिवसांचे. त्याही पलीकडच्या सगोत्रांनी ऐकल्यावर आंघोळ केली की झाले. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आईबाप गेले तर तीन दिवस. पंचांगात अशौचाचे हे नियम छापलेले असतात, पण खेड्यात ते पाठ असत. एखाद्या घराला आपण कितवे भाऊ लागतो हे कुणी विचारले, तर उत्तर ‘आम्हाला त्यांचं दहा दिवसांचं येतं’ असे मिळे. एवढ्यावर कळे की सातव्या पिढीच्या आत मूळपुरुष एक आहे. ज्या दिवशी भावकी बसून ‘आता आपलं सुतक तिनाचं करू’ असे ठरवी, त्या दिवशी एका मोठ्या घराच्या दोन फांद्या लांब गेल्या, हे सगळ्यांना कळून चुके.

गेलेल्यांची वर्षातून एकदा रीतसर उजळणी होते ती भाद्रपदाच्या वद्य पक्षात. पुस्तकात तो पितृपंधरवडा किंवा महालय. गावाकडे महाळ, नाहीतर नुसते ‘पित्तर’. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी. घराच्या पत्र्यावर किंवा माळवदावर पान ठेवायचे आणि कावळ्याला साद घालायची. वेगवेगळ्या मरणांना इथे वेगवेगळ्या तिथी आहेत. वर्षभरात गेलेल्यासाठी भरणी. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. शस्त्राने, अपघाताने गेलेल्यासाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही, जे कुठे गेले, कसे गेले हे कळलेच नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या.

या शेवटच्या तिथीला मराठवाड्यात फार माणसे येऊन बसतात. पटकी-प्लेगच्या साथीत एका आठवड्यात ओस पडलेली घरे होती. दुष्काळात जगायला गेलेले आणि परत न आलेले होते. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धाकाने पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघून गेलेली कुटुंबे होती; उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाची शिबिरे होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले तेव्हा काही घरे परतली, काही तिकडेच रुजली. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव वागवते. ज्यांच्या नावाने कुठली पाटी लागली नाही अशांचे पान मात्र अमावास्येला घरच्या पत्र्यावरच ठेवले जाते.

महालयाच्या संकल्पात कुणाकुणाची नावे घ्यायची, हे ऐकले म्हणजे विस्तारलेले घर डोळ्यांपुढे उभे राहते. एरवीच्या श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्या. महालयात त्यांच्याबरोबर आई, आजी, पणजी, आईकडचे आजोबा-पणजोबा, बायको, मुले, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, आणि ज्यांना कुणी नाही असे आप्त. पुढे अश्विन शुद्ध प्रतिपदेला नातू आपल्या आईच्या वडिलांचे श्राद्ध करतो. लेकीकडच्या बाजूने आजोबांना आठवण्याचा हा वेगळा राखलेला दिवस आहे. अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेली घागर पितरांच्या नावाने देतात. वैशाखातल्या उन्हात गेलेल्या माणसालाही तहान लागत असेल, एवढ्या साध्या मायेतून हा रिवाज आला असावा.

सगळ्यांची रीत एक नाही. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या तांड्यांवर बंजारा कुटुंबे दिवाळीला धबुकार देतात. निखाऱ्यावर गोडाधोडाचा घास सोडायचा आणि पूर्वजांची नावे घेत त्यांना बोलवायचे. त्यांच्या गोतांच्या वंशावळी गाऊन सांगणारे ढाडी होते. तिथे वही नव्हती, गळा होता. मुसलमान घरांत शब-ए-बारातच्या रात्री कबरस्तानात दिवे लागतात आणि फातेहा पढला जातो. लिंगायत घरे आपल्या माणसाला मातीत ठेवतात आणि समाधी बांधतात. अनेक शेतकरी घरांत देव्हाऱ्यात चांदीचा टाक असतो, घोड्यावर बसलेला वीर. तो कोण, हे आजच्या पिढीला सांगता येत नाही. पण कुणीतरी आपलाच, लढताना गेलेला, एवढे माहीत असते, आणि दसऱ्याला त्याला धुऊन-पुसून इतर देवांबरोबर नैवेद्य मिळतो.

जिथे वही आहे, तिथे ती फार जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू आला की त्याचे गाव, आडनाव, कूळ विचारून उपाध्ये आपल्या वहीचे पान काढतात. लांबट, जाड कागदाच्या, कापडात बांधलेल्या या वह्या. जुनी पाने मोडीत, पुढची बाळबोधीत. कोण कोणत्या साली कशासाठी आले होते, बरोबर कोण होते, बापाचे नाव, आज्याचे नाव, खाली स्वतःची सही किंवा निशाणी. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेने १९७७ पासून हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांच्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्म करून ठेवले, इतके या कागदांचे मोल आहे. बापाच्या अस्थी घेऊन गेलेल्या माणसाला तिथे आपल्या पणजोबांचे नाव सापडते. त्याच्या खाली एक नाव असे असते, जे त्याने कधी ऐकलेले नसते: पणजोबांचा भाऊ, शेजारच्या तालुक्यात जाऊन राहिलेला. परतल्यावर तो त्या गावी जातो, आडनाव विचारतो, आणि दारात उभा राहिलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या नाकाडोळ्यांत त्याला आपला बाप दिसतो.

सरकारी दफ्तरातही मेलेल्यांची नावे दडलेली होती, पण सामान्य माणूस तिकडे क्वचित वळे. ते चित्र २०२३ मध्ये पालटले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन आणि नंतरच्या नोंदींत ‘कुणबी’ असा उल्लेख कुणाच्या नावापुढे आहे, हे शोधणे तिचे काम. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिल्या अहवालाच्या वेळी सांगितले गेले की १ कोटी ७२ लाखांच्या आसपास कागद तपासले आणि ११,५३० नोंदी मिळाल्या. मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण मिळावे या मागणीवरून समाजात मोठा वाद आहे, दोन्ही बाजूंच्या माणसांची चिंता खरी आहे, आणि त्याचा निवाडा या लेखाचा विषय नाही. पण या शोधाने घराघरांत जे घडवले, ते या इतिहासातले एक नवे पान आहे.

तहसिलीच्या अभिलेख कक्षात लाल कापडातले गठ्ठे सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची वही, जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे. कुठे उर्दू, कुठे मोडी. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. उर्दूसाठी लोक गावातल्या एखाद्या जुन्या मौलवींकडे किंवा निवृत्त उर्दू शिक्षकांकडे जाऊ लागले. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो, हा हिशेब चहाच्या टपरीवरची पोरेही करू लागली.

आणि नोंद एकाची सापडली तरी ती उपयोगी पडते अनेकांना; त्यासाठी मूळपुरुषापासून आपल्यापर्यंतची वंशावळ शपथेवर मांडावी लागते. मग सुरू झाली भावकीची शोधाशोध. जे नाव फक्त महाळाच्या दिवशी घेतले जाई, तेही तीन पिढ्यांपर्यंतच, त्याच्या मागचे चौथे-पाचवे नाव हवे होते. पुण्यात नोकरीला असलेला नातू गावच्या म्हातारीला फोन करून विचारू लागला: आज्याचा बाप कोण, त्याला भाऊ किती, धाकटा कुठल्या गावाला गेला? २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरबाबतचा शासननिर्णय निघाला आणि पडताळणीला गावपातळीवर समिती आली, तेव्हा नात्यातल्या, कुळातल्या माणसांच्या प्रतिज्ञापत्राचे महत्त्व आणखी वाढले. ज्यांच्याशी विहिरीवरून वीस वर्षे बोलणे नव्हते, त्यांच्या ओसरीवर लोक कागद घेऊन बसले.

अशी वंशावळ कागदावर उतरली की एक उणीव ठळक दिसते. तीत बाया नाहीत. वर एक पुरुष, त्याच्या पोटी चार पुरुष, त्यांच्या पोटी अकरा. पाहणी पत्रकात बाई आली तर ‘अमक्याची बेवा’ म्हणून. जमिनीच्या कागदावर लेकी उशिरा आल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला. आता बाप गेल्यावर वारसाच्या फेरफारात बहिणींची नावे लागतात. अनेक घरांत तेरवीचे मांडव निघाल्याबरोबर हक्कसोडीचा विषय निघतो, बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. काही करत नाहीत, आणि मग पुढच्या महाळाला त्यांना बोलावणे जात नाही. कावळ्यासमोर दिलेल्या शब्दांची पहिली कसोटी इथेच लागते.

बायांनी आपली वही वेगळी ठेवली. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, मराठवाड्यातल्याही. पहाटे दळताना बाईने गेलेल्या आईला हाक मारली आहे, भावाला, चुलत्याला, मावशीला नावानिशी आठवले आहे. बाप गेल्यावर माहेरच्या वाटेचे काय होते ते सांगितले आहे. जाती गेली, गिरण्या आल्या. पण वंशावळीसाठी फोन आला की उत्तर बहुधा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडेच निघते. कुणाची बायको कुठल्या गावची, कुणाची लेक कुठे दिली, कोणता दीर लहानपणी देवीच्या साथीत गेला, हे तिला तारखेने माहीत नसते. ‘थोरला दुष्काळ पडला त्याच्या आदल्या पोळ्याला’ असे ते तिच्याकडे असते.

सांगाव्याच्या वाटा बदलत गेल्या. तारेने काही वर्षे फाटक्या कोपऱ्याची जागा घेतली. तारवाला दारात दिसला की मजकूर वाचण्याआधीच रडणे सुरू होई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. एसटीडी बूथवरून शेजाऱ्याच्या फोनवर निरोप जाऊ लागला, पुढे हाताहातांत मोबाइल आले. आता सकाळी सातला गेलेल्या माणसाचा फोटो सव्वासातला भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो, खाली अंत्यविधीची वेळ, आणि मुंबईहून निघालेली गाडी पोचेपर्यंत माती थांबवायची का यावर बोलणे चालू असते. २०२० आणि २०२१ मध्ये मात्र सांगावा क्षणात पोचूनही माणसे पोचू शकली नाहीत. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. कोविडने गेलेल्यांच्या वाट्याला तेवढीही आली नाहीत. पोरांनी बापाचा दहावा मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. शब्द द्यायला पुढे येणारा म्हातारा चुलता दुसऱ्या गावात दार लावून बसला होता. त्या काळात गेलेल्यांची वर्षश्राद्धे बऱ्याच घरांनी पुढे मुद्दाम मोठी केली, सगळ्यांना बोलावून, कारण मातीला येता आले नाही ही बोच राहिली होती.

अशा एखाद्या वर्षश्राद्धाच्या दुपारी जेवणे उरकली की लिंबाखाली सतरंजीवर वंशावळीचा कागद पसरलेला असतो. मूळपुरुषापासून खाली उतरत आलेल्या रेघा, चौकटीत पुरुषांची नावे. पोरे मोबाइलवर त्याचा फोटो काढत असतात. आत भांडी घासून आलेली एखादी आत्या हात पुसत वाकून पाहते, आपल्या बापाची चौकट शोधते आणि विचारते, आम्ही चौघी कुठं आहोत? क्षणभर कुणी बोलत नाही. मग जवळचा भाचा खिशातला पेन काढतो आणि त्या चौकटीच्या बाजूला, जागा पुरत नाही म्हणून आडव्या अक्षरांत, ती सांगेल तशी चार नावे लिहू लागतो. तिसरी लहानपणीच गेलेली असते. तिचे नाव आठवायला आत्याला थोडा वेळ लागतो.